बॅटरी फुल, तरी फ्रीज चालू होताच इन्व्हर्टर पडतो: बागेतल्या इलेक्ट्रिक ट्रॅक्टरवर घर चालवताना

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. ट्रॅक्टर दिवसभर चार्जिंगला होता, काटा फुल दाखवतोय, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर जोडला, पंखे-बल्ब छान चालले. मग फ्रीजचा कॉम्प्रेसर उठला, इन्व्हर्टर दोनदा किंचाळला आणि घर अंधारात. मीटर लावून बघावं तर बॅटरी पुन्हा ५० व्होल्ट दाखवते. म्हणजे बॅटरी चांगली, इन्व्हर्टर खराब? की उलटं? दुकानात गेलं की सल्ला ठरलेला: बॅटऱ्या बदला. चार नव्या बॅटऱ्या येतात, पंधरा दिवस बरे जातात आणि पहिल्या वावटळीनंतर तेच पुन्हा सुरू.

दहातल्या बऱ्याच वेळा दोष ना बॅटरीचा असतो ना इन्व्हर्टरचा, तो दोघांच्या मधल्या वाटेवर असतो. ती वाट लोड चालू असताना मोजली तरच सापडते. बंद अवस्थेतला मीटरचा आकडा इथे जवळपास निरुपयोगी आहे.

पुढचं सगळं धरून चाललं आहे ते असं यंत्र: ई-रिक्षाच्या धाटणीच्या १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या चार पाण्याच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट, त्यावर चालणारा केळी-पपईच्या ओळींतला छोटा ट्रॅक्टर, आणि त्याला जोडलेला ४८ व्होल्टचा दीड-दोन केव्हीएचा घरगुती साइन वेव्ह इन्व्हर्टर. यंत्र वेगळं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला, पण इन्व्हर्टरचा व्होल्टेज बॅटरीच्या संचाशी जुळलाच पाहिजे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९६९च्या सुमारास काढलेले ‘इलेक-ट्रॅक’ हे बागेतले ट्रॅक्टर सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांवर, म्हणजे ३६ व्होल्टवर चालत. तसा ३६चा संच कुणी इथे बांधला असेल तर त्यावर ४८चा इन्व्हर्टर उठणारच नाही आणि २४चा जोडला तर जळेल. मधला जुगाड नाही.

आधी लक्षण नीट बघा

इन्व्हर्टर कसा पडतो, यावरून निम्मं निदान होतं. आधी टींटीं वाजून मग बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप किंवा बटण दाबल्यावर परत उठतो, तर इन्व्हर्टरच्या तोंडाशी व्होल्टेज कमी पडतंय. न वाजता एका क्षणात सगळं मेलं, डिस्प्लेसुद्धा काळा, तर वाट कुठेतरी तुटली: फ्यूज, कनेक्टर, किंवा लिथियम बॅटरी असेल तर तिच्या आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं आणि धोका वाटला की तोडणारं सर्किट. ‘ओव्हरलोड’चा लाल दिवा लागला तर बॅटरीचा विचार सोडा, लोडकडे बघा. आणि काहीच न पडता दोन-तीन पंख्यांवर तासाभरात बॅटरी रिकामी होत असेल तर तो वेगळाच घोळ आहे. त्याचं कारण इतकं साधं आहे की लोक तिकडे बघतच नाहीत, ते खाली येईल.

व्होल्टेज जातो कुठे

४८ व्होल्टच्या बहुतेक घरगुती इन्व्हर्टरची तळरेषा ४२ व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे दर बॅटरीमागे साडेदहा. त्याच्या व्होल्टभर आधी तो ओरडायला लागतो. आता एक नेहमीचं घर घ्या. कुलर १८० वॅट, दोन पंखे १५०, टीव्ही ८०, दिवे ५०. मिळून ४६० वॅट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून ११ अँपिअर जातात. साध्या कॉम्प्रेसरचा २०० लिटरचा फ्रीज चालताना शंभर-सव्वाशे वॅटच घेतो, पण उठताना क्षणभर हजार ते दीड हजार वॅट ओढतो. त्या क्षणी बॅटरीतून एकूण ५० अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो.

ट्रॅक्टर निंबाखाली उभा, इन्व्हर्टर ओसरीत, मधे १२ मीटर अंतर, आणि वायर ६ स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन २४ मीटर तांबं. ६ स्क्वेअरचा रोध मीटरमागे ३.३ मिलिओहम, म्हणजे एकूण ७९. पन्नास अँपिअरला यातच ४ व्होल्ट गेले. थिंबल (वायरच्या टोकाला चेपलेली कडी), फ्यूज, कनेक्टर, बॅटऱ्यांमधल्या पट्ट्या यांचे मिळून ३० मिलिओहम धरा, आणखी दीड व्होल्ट गेला. चार बॅटऱ्यांचा स्वतःचा अंतर्गत रोध २० मिलिओहम, म्हणजे एक व्होल्ट. तासभर कुलर-पंखे चालल्यावर बॅटरीवर ४८.५ असतील, तर फ्रीज उठताना इन्व्हर्टरच्या तोंडाशी उरले ४२. तो पडला तर त्याची काय चूक? तो पडला की प्रवाह शून्य, प्रवाह शून्य म्हणजे ऱ्हासही शून्य, आणि मीटरवर पुन्हा पन्नास.

तीच वायर १६ स्क्वेअरची घेतली तर ४ऐवजी १.४ व्होल्ट जातो, २५ स्क्वेअरला ०.९. पण तांब्यावर एवढा पैसा घालण्यापेक्षा इन्व्हर्टरच ट्रॅक्टरजवळ न्या. बॅटरी ते इन्व्हर्टर दोन मीटरच्या आत, १६ स्क्वेअर, ऱ्हास पाव व्होल्ट. पुढे घरापर्यंत २३० व्होल्ट, साधी २.५ स्क्वेअरची आर्मर्ड किंवा पाइपातून नेलेली तीन कोअर केबल. हजार वॅटला तिच्यातून फक्त सव्वाचार अँपिअर जातात आणि बारा मीटरवर एक व्होल्टसुद्धा पडत नाही. लांबचा प्रवास २३०ने करायचा, ४८ने नाही. हा एक बदल केल्यावर अर्ध्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

वायर घेताना ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर गळ्यात पडत नाही ना, हे बघा. वजनाला हलकी लागते, आणि एक तार चाकूने खरवडली की आत पांढरी दिसते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या वर असतो. वेल्डिंगची केबल चांगली चालते, लवचीक असते. फक्त तीही तांब्याचीच आहे याची खात्री करा.

मोजायचं कसं

लागणारं सामान: दोन दशांश दाखवणारा साधा डिजिटल मल्टिमीटर, डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर आणि १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, घेताना विचारा. रॉड यासाठी की त्याचा लोड स्थिर असतो. फ्रीज क्षणात उठतो आणि मीटर गोंधळतो. इस्त्री मधेच थर्मोस्टॅटने बंद होते. रॉड बादलीत बुडवूनच चालू करा, आणि तो चालू असताना पाण्याला हात लावू नका.

रॉड चालू केल्यावर क्लॅम्प मीटरवर २४-२५ अँपिअर दिसले पाहिजेत. मग पाच मिनिटं थांबून या क्रमाने व्होल्टेज घ्या: संचाच्या पहिल्या धनापासून शेवटच्या ऋणापर्यंत, नंतर इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर. दोघांतला फरक म्हणजे वाटेतला तोटा. तो २५ अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एक-दीड निघाला तर पन्नास अँपिअरला तो दुप्पट होणार.

आता तोटा नेमका कुठे, ते शोधायला मीटर मिलिव्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर दाबा, थिंबलवर नाही, खुद्द पोस्टवर. दुसरं टोक त्याच सांध्याच्या थिंबलवर. चांगला सांधा पाच-दहा मिलिव्होल्ट दाखवतो. पन्नासच्या वर गेला तो सांधा उघडा. असंच फ्यूजच्या दोन टोकांवर, कनेक्टरच्या अलीकडे-पलीकडे, प्रत्येक पट्टीवर. दहा मिनिटांचं काम आहे, आणि हाताला गरम लागणारा सांधा तर मीटरआधीच सापडतो. फक्त अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा, पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळा. ४८ व्होल्टने झटका फारसा बसत नाही, पण पाना दोन पोस्टवर आडवा पडला तर हजारभर अँपिअर वाहतात आणि पाना चिकटून लाल होतो.

सांधे आणि काळी धूळ

ट्रॅक्टर हे हादरणारं यंत्र आहे, घरातली बॅटरी तशी नसते. म्हणूनच घरच्या इन्व्हर्टरला पाच वर्षं न सतावणारा नट इथे दोन महिन्यांत ढिला होतो. स्प्रिंग वॉशर घाला. नट घट्ट करताना मात्र जोर आवरा, शिसं मऊ असतं आणि पोस्ट फिरली की आतून बॅटरी गेली. थिंबल हातोडीने चेपून बसवलेली असेल तर ती कापून हायड्रॉलिक किंवा षटकोनी क्रिम्पिंगने नवी बसवा. जळगाव-धुळ्यात मोटारवायंडिंगवाल्याकडे ते हत्यार असतं, दोन मिनिटांत करून देतो.

पोस्टवरची हिरवट-पांढरी बुरशी तर सगळ्यांना दिसते. पण इथल्या काळ्या मातीची धूळ जे करते ते दिसत नाही. बॅटरीच्या झाकणावर आम्लाचा ओलावा असतो, त्यावर कापसाच्या वावरातली धूळ बसते, आणि तिचा एक थर तयार होतो जो वीज वाहून नेतो. तपासायचं असेल तर मीटरचं काळं टोक ऋण पोस्टवर ठेवा आणि लाल टोक झाकणाच्या प्लॅस्टिकवर फिरवा. तीन-चार व्होल्ट दिसले तर बॅटरी रात्रंदिवस स्वतःच्या डोक्यावरूनच रिकामी होते आहे. बुचं घट्ट लावून, एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून झाकण पुसा, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. सोड्याचा थेंबही बुचातून आत जाता कामा नये. सांधे कोरडे करून, घट्ट करून मगच वर पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग थिंबल असा उलटा क्रम बराच दिसतो, तो नको.

चारांतली एक आजारी

वाटेतला तोटा कमी आहे आणि तरी इन्व्हर्टर पडतो, तेव्हा बॅटऱ्यांकडे वळा. तोच रॉडचा लोड, दहा मिनिटं. चारही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. १२.१, १२.१, १२.० आणि ११.१ असं काही दिसलं तर उत्तर मिळालं. चौथी बॅटरी अजून थोड्या वेळात साडेनऊवर येईल आणि बाकी तिघी भरलेल्या असूनही सगळा संच कोसळेल. लोडखाली अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे ती बॅटरी संशयित.

ती लगेच फेकू नका. हायड्रोमीटर लावा. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचं घनत्व २७ अंशांना १.२६० ते १.२८० हवं. तापमान जास्त असेल तर दर अंशामागे ०.०००७ मिळवा. मे महिन्यात बॅटरीचं पाणी ४३ अंशांवर असेल तर १.२४५ हे वाचन म्हणजे खरं १.२५६ आहे, म्हणजे ती बॅटरी वाटते तितकी वाईट नाही. सहा कप्प्यांपैकी एकच खूप खाली, बाकी ठीक, तर तो कप्पा शॉर्ट झालाय आणि बॅटरी बदलावीच लागेल. सहाही सारखेच खाली असतील तर ती फक्त उपाशी आहे. तिला संचातून सोडवा आणि १२ व्होल्टच्या चार्जरवर एकटीला दहा-बारा तास भरा.

उपाशी का राहते? इथे नेहमीचा दोषी म्हणजे हॉर्न. किंवा हेडलाइट, मोबाइलचा चार्जर, फवारणीचा छोटा पंप: ४८च्या संचातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची काढलेली वायर. चार्जर चौघींना सारखाच प्रवाह देतो, पण एकीने जास्त खर्च केलेला असतो. ती कधीच पूर्ण भरत नाही आणि बाकी तिघी जास्त भरून पाणी उडवतात. ज्या बॅटरीचं पाणी कमी होत नाही आणि बाकीच्यांचं होतं, तिच्यावरच बहुधा ती वायर सापडते. उपाय म्हणजे ४८ ते १२ व्होल्टचा डीसी-डीसी कन्व्हर्टर, १० अँपिअरचा. १२ व्होल्टची सगळी कामं त्याच्यावर टाका. घरात पडलेला १२ व्होल्टचा जुना इन्व्हर्टर संचातल्या एका बॅटरीला जोडणं हा याच चुकीचा मोठा भाऊ आहे: हजार वॅटला शंभर अँपिअर, तेही एकाच बॅटरीतून.

जुन्या तिघींत एक कोरी बॅटरी घालायची वेळ आली तर ती नवी काही महिन्यांत जुन्यांसारखी होते, हे धरून चला. एक वर्षाच्या आतला संच असेल तर चालतं. तीन वर्षांच्या संचात नवी बॅटरी घालण्यापेक्षा त्याच वयाची वापरलेली शोधा.

तासाभरात रिकामी

आता वर सोडलेली गोष्ट. ट्रॅक्टरच्या चार्जरचा प्लग कुठल्या बोर्डात आहे, ते बघा. तो बोर्ड इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर लाईट जाताच इन्व्हर्टर चार्जर चालवतो आणि चार्जर त्याच बॅटऱ्या भरतो. बॅटरीत १५ अँपिअर, म्हणजे साडेआठशे वॅट घालणारा चार्जर बोर्डातून हजार वॅट घेतो, आणि तेवढे द्यायला इन्व्हर्टर बॅटरीतून पावणेबाराशे उपसतो. तीनशे वॅट नुसते उष्णतेत जातात, वर दीड केव्हीएच्या इन्व्हर्टरवर फ्रीजला जागाच उरत नाही. चार्जरला विजेच्या मीटरच्या बाजूचा, इन्व्हर्टरची वीज न येणारा स्वतंत्र प्लग द्या आणि त्यावर रंगाने खूण करा.

तसं नसेल तर हिशेबच चुकलेला असतो. चार बॅटऱ्या मिळून कागदावर ४.८ युनिट, पण हा आकडा वीस तासांत सावकाश काढल्यावरचा. निम्म्यापेक्षा जास्त उपसलं तर आयुष्य घटतं, वर इन्व्हर्टरचा तोटा, म्हणून हातात दोन युनिट येतात. वरच्या घराला फ्रीजसकट पाचशे वॅट सरासरी धरली तर चार तास. सकाळी कोळपणी करून आलेल्या ट्रॅक्टरवर तेवढेही नाहीत.

आणि ‘फुल’ हा काटाही खरा असतोच असं नाही. रात्रीच्या आठ तासांच्या लाईटीत चार्जर लावला, तर पहिले ८० टक्के लवकर भरतात आणि शेवटचे २० टक्के तीन-चार तास खातात. चार्जर काढल्या काढल्या ५२ दिसतात, ते वरवरचे. चार तास काहीही न जोडता ठेवून मग मोजा: ५०.८ किंवा वर म्हणजे भरलेला, ४८.८ म्हणजे निम्मा. दोन पिकांच्या मधे ट्रॅक्टर महिनाभर शेडमध्ये उभा राहिला असेल तर उन्हाळ्यात बॅटरी आपोआप उतरते आणि प्लेटांवर सल्फेट बसतं. पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण चार्ज द्या.

फ्रीजचं स्वतःचं कारण

लाईट गेली आणि हाताने चेंजओव्हर (घर लाईनवरून इन्व्हर्टरवर नेणारा स्विच) फिरवून लगेच इन्व्हर्टरवर आलो, तर फ्रीज उठताना इन्व्हर्टर बहुधा पडतो. थांबलेल्या कॉम्प्रेसरच्या एका बाजूला गॅसचा दाब अजून चढलेला असतो, मोटर त्याविरुद्ध फिरू शकत नाही आणि अडकून राहते. अशा वेळी लागणारा मोठा प्रवाह क्षणभर नाही तर कित्येक सेकंद चालतो. इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो ते खरंच असतं. फ्रीजचं बटण बंद करून चेंजओव्हर फिरवा आणि पाच मिनिटांनी चालू करा. हे विसरायला होत असेल तर फ्रीजच्या प्लगला तीन मिनिटांचा टाइम-डिले सॉकेट किंवा तसा स्टॅबिलायझर बसवा. ज्या फ्रीजमध्ये स्वतःचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आहे तो हळू उठतो, त्याला ही अडचण जवळपास येत नाही. अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर मात्र या इन्व्हर्टरवर घालूच नका. चालताना सहाशे वॅट दिसते, उठताना पाच-सहा पट मागते.

स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर फ्रीज उठतो खरा, पण कॉम्प्रेसर तापतो आणि पंखे गुणगुणतात. त्यावर दिवे-पंखेच ठेवा.

कनेक्टरची काजळी

ट्रॅक्टर सकाळी वावरात, रात्री घराला जोडलेला. म्हणजे कनेक्टर रोज काढा-घाला. प्रत्येक वेळी जोडताना ‘चट’ आवाज येतो, कारण इन्व्हर्टरच्या आतले रिकामे कपॅसिटर एका क्षणात भरतात. त्या ठिणगीने कनेक्टरच्या पानावर खड्डे पडतात, खड्ड्यांनी रोध वाढतो, रोधाने ते तापतं, आणि शेवटी प्लॅस्टिक वितळतं. पन्नास अँपिअरचा कनेक्टर इथे कमीच पडतो. फोर्कलिफ्टला असतात तसे १७५ अँपिअरचे अँडरसन धाटणीचे दोन जोड घ्या.

ठिणगी टाळायला ४७ ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर एका पुश बटणामार्फत मुख्य स्विचला, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मधल्या डिस्कनेक्ट स्विचला, समांतर जोडा. कनेक्टर लावताना मुख्य स्विच बंद हवा. मग बटण तीन सेकंद दाबून धरा, प्रवाह एका अँपिअरपुरता राहून कपॅसिटर भरतात, आणि बटण धरलेलं असतानाच मुख्य स्विच चालू करा. स्विच चालू करताना चट आवाज येत नाही, हीच पावती.

फ्यूज बॅटरीच्या धन पोस्टपासून हातभर अंतराच्या आत हवा. १६ स्क्वेअरला ८० अँपिअरचा, डीसीसाठी बनवलेला. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी इथे लावू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसीला शून्य नसतं, ठिणगी तशीच जळत राहू शकते आणि एमसीबी आतून पेटू शकतो.

इन्व्हर्टरची वायर फ्यूजच्या पुढे पण ट्रॅक्टरच्या कॉन्टॅक्टरच्या (चावीने जोडल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचच्या) अलीकडे घ्या. कॉन्टॅक्टरच्या पलीकडून घेतली तर इन्व्हर्टर चालू ठेवायला चावी चालू ठेवावी लागते, म्हणजे मोटरचा कंट्रोलर जिवंत राहतो. पोरगं सीटवर बसून एक्सिलरेटर फिरवेल तर ट्रॅक्टर केबलसकट ओसरीत. चावी काढा, हँडब्रेक लावा, चाकाला दगड द्या.

घराच्या वायरिंगशी

दोन्ही टोकांना प्लग असलेली केबल लावून बोर्डाच्या सॉकेटमधून घरात वीज घुसवण्याचा प्रकार अजून दिसतो. मेन स्विच विसरला तर ती वीज डीपीकडे उलटी जाते आणि ट्रान्सफॉर्मर तिला ११,००० व्होल्ट करून तारेवर चढवतो, जिथे वायरमन फॉल्ट काढत असतो. दोन पोलचा चेंजओव्हर स्विच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, याला पर्याय नाही.

न्यूट्रलही तुटल्यामुळे आणखी एक गोष्ट होते: इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थपासून सुटा राहतो आणि अशा लाईनवर आरसीसीबी (गळती होताच लाईन तोडणारा स्विच) पडतच नाही. टेस्टचं बटण दाबून समाधान होतं, पण ते बटण अर्थचा रस्ता तपासत नाही. न्यूट्रल इन्व्हर्टरपाशी अर्थ करायचा की नाही, हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेवरून ठरतं, कारण काही बनावटींत तसं केल्याने बोर्ड जळतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. याउलट, आरसीसीबी सारखा पडत असेल तर इन्व्हर्टरचा फेज आणि दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल कुठल्यातरी स्विचबोर्डात मिसळला आहे.

मे महिना

जळगाव-भुसावळला पारा ४५च्या आसपास जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त असतो. इन्व्हर्टर तापून क्षमता कमी करतो, आणि दुपारी दोनला पडणारा इन्व्हर्टर रात्री तोच लोड सहज ओढतो. वेळेवरून ओळखू येतं. त्याला सावलीत, भिंतीवर, चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवून लावा. बॅटरीच्या पेटीत किंवा तिच्या डोक्यावर नको. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने भडकतो, आणि आम्लाची वाफ बोर्डावरचं तांबं खाते.

चार्जिंगचा व्होल्टेजही उन्हाळ्यात उतरवावा लागतो. २५ अंशांना ५७.६ आणि फ्लोट ५४ हे ठीक. ४५ अंशांना दोन्ही पावणेदोन-दोन व्होल्टने खाली हवेत, नाहीतर पाणी भराभर उडतं. चार्जरला तशी सोय नसेल तर निदान चार्जिंग रात्री ठेवा. दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडेपर्यंत, एरवी चार्ज झाल्यावरच भरा, आणि डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं पाणी तर नाहीच, आरओचंही नाही.

लिथियमचा संच असेल तर

१६ सेलचा लिथियम फॉस्फेटचा संच, ५१.२ व्होल्टचा, वेगळा वागतो. त्याचा व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट असतो, म्हणून व्होल्टवरून किती उरलं ते कळत नाही. तो ओरडत नाही, थेट तुटतो. जोडतानाची चट ठिणगी किंवा फ्रीजचा झटका बीएमएसला शॉर्ट सर्किट वाटतो. त्यानंतर टर्मिनलवर शून्य किंवा दोन-चार व्होल्ट दिसतात आणि लोकांना बॅटरी मेली असं वाटतं. लोड काढा, चार्जर क्षणभर लावा, बहुतेक वेळा ती उठते. रोज असं होत असेल तर वरचा रेझिस्टरचा उपाय इथे सोय म्हणून नाही, गरज म्हणून लागतो. शिवाय बीएमएसचा सततचा प्रवाह ट्रॅक्टरच्या मोटरसाठी ठरवलेला असतो. तो किती, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. इन्व्हर्टरवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर ‘ट्यूब्युलर’वर ठेवू नका, त्याचा चार्जिंग व्होल्टेज वेगळा असतो.

हे सगळं तपासून झालं, २५ अँपिअरला वाटेतला तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत आला, चारही बॅटऱ्या लोडखाली सारख्या उभ्या राहिल्या, फ्रीजही पाच मिनिटं थांबवून लावला आणि इन्व्हर्टर तरीही पडला, तर आता इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवरचा व्होल्टेज आणि त्याच्याच डीसी टर्मिनलवरचा मीटरचा आकडा शेजारी ठेवून बघा. डिस्प्ले व्होल्टभर कमी दाखवत असेल तर त्याचं सेन्सिंग बिघडलं आहे. आकडे जुळतात पण रॉडच्या स्थिर लोडवरही तो पडतो, तर आतले इनपुट कपॅसिटर फुगलेत का ते मेकॅनिकला उघडून बघायला सांगा. हे दोन आकडे कागदावर लिहूनच यंत्र त्याच्याकडे न्या.